भिंतीवरचं कॅलेंडर उतरवण्याआधी

पत्र असं आहे: ‘मी ४६ वर्षांची, पतसंस्थेत नोकरी करते. कोल्हापुरात शिवाजी पेठेत घर आहे. घरी नवरा, सासूबाई, बारावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. ऑगस्टमध्ये सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, साठवलेले पैसे त्यात गेले, त्यामुळं यंदा कुठं जाणं नाही. नात्यातले सगळे गोव्याला निघालेत. गेल्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून रोज रात्री “आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे” हे डायरीत लिहायला घेतलं. जानेवारी संपायच्या आत ते बंद पडलं. नवऱ्याला म्हटलं, मला कशातच आनंद वाटत नाही, तर म्हणतात, “तुला काय कमी आहे?” खरंच काही कमी नाही, म्हणून तर जास्त अपराधी वाटतं. वर्ष घरातच संपणार आहे, तर घरातल्या घरात आनंद कसा शोधायचा? आणि कृतज्ञता आतून कशी यावी?’

ताई,

आधी डायरीचं बघू. ती बंद पडली याचा दोष तुम्ही स्वतःकडं घेतलाय. खरं तर रोज लिहा हा सल्लाच कच्चा होता. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ज्या अभ्यासाचा दाखला सगळीकडं दिला जातो, त्याच्या पहिल्या प्रयोगात लोकांनी लिहिलं होतं ते आठवड्यातून एकदा, फार तर पाच गोष्टी, असं दहा आठवडे. पुढं सोनिया ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गट करून पाहिले. एका गटानं आठवड्यातून एकदा लिहायचं, दुसऱ्यानं तीनदा, सहा आठवडे. समाधान वाढलं ते एकदा लिहिणाऱ्यांचं. तीनदा लिहिणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला नाही. रोज लिहायला बसलं की चौथ्या-पाचव्या दिवशी ‘आरोग्य, कुटुंब, घर’ हीच तीन नावं परत येतात आणि वही हजेरीपटासारखी भरली जाते. मन त्यात उरत नाही.

तेव्हा आठवड्यातला एकच वार धरा. शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाला जात असाल तर आल्यावर दहा मिनिटं, नाहीतर रविवारी दुपारी. तीन वाक्यं पुरेत, पण प्रत्येक वाक्यात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: कुणी, काय केलं, आणि त्यामुळं माझं काय वाचलं किंवा काय सोपं झालं. ‘शेजारी चांगले आहेत’ हे वाक्य बाद. ‘ऑपरेशनच्या दिवशी शेजारच्या काकूंनी दोन्ही पोरांना जेवायला घातलं, म्हणून मला दुपारी दवाखान्यातून पळत घरी यावं लागलं नाही’ हे चालेल. पहिलं वाक्य लिहून काही होत नाही. दुसरं लिहिताना त्या दिवशीची धावपळ आठवते, काकू आठवतात, आणि मग जे वाटायचं ते आपोआप वाटतं. तुम्ही विचारलंत, आतून कशी यावी. हाक मारून ती येत नाही. तपशील लिहायचा, बाकीचं तिच्यावर सोडायचं.

‘तुला काय कमी आहे’ या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण जे रोज समोर असतं त्याची मन दखलच घेत नाही. हा तुमचा कृतघ्नपणा नव्हे, माणसाच्या मनाची घडणच तशी आहे. यावर एक उपाय अभ्यासातून पुढं आलाय आणि तो थोडा उलटा आहे. मिंक्यंग कू आणि सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या अभ्यासात काही जणांना आपल्या जोडीदाराची भेट कशी झाली ते लिहायला सांगितलं, आणि काही जणांना ती भेट कशी होऊ शकली नसती ते. दुसऱ्या गटाला नंतर आपल्या नात्याबद्दल जास्त समाधान वाटलं. तुम्हीही एखादी गोष्ट घेऊन बघा. ऑपरेशन आपण वर्षभर पुढं ढकललं असतं तर आज सासूबाई जिना उतरू शकल्या असत्या का? मात्र हे महिन्यातून एकदाच करा. रोज ‘नसतं तर’ घोकत बसलं की त्याची काळजी होते.

आता वर्षअखेरीचं मुख्य काम. तुमच्या स्वयंपाकघरात किंवा सोप्यात कॅलेंडर टांगलेलं असेलच, आणि त्यावर वर्षभर पेननं काहीबाही लिहिलेलंही असेल: दूध अर्धा लिटर कमी, सिलेंडर लावला, मावशींचा खाडा, टाके काढायचे, भिशी, फीचा हप्ता. पावसाळ्यात कुणी पेपर वाचून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळीही टिपून ठेवतं, ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे ज्या गावात पोराटोरांना पाठ आहे तिथं हे व्हायचंच. नवीन कॅलेंडर आलं की जुनं आपण रद्दीत टाकतो किंवा फडताळात खाली अंथरतो. यंदा त्याआधी ते एकदा वाचा. घराची वर्षभराची इतकी खरी नोंद दुसरीकडं कुठं नसते, फोनमधल्या फोटोंतही नाही. कारण फोटो आपण सजूनधजून काढतो आणि कॅलेंडरवर घाईत खरडतो.

३१ तारखेला संध्याकाळी, जेवणाच्या आधी, पाऊण तास काढा. जेवणानंतर नको. जेवून झालं की एकेक जण सटकतो, आणि त्या दिवशी मटणाच्या रांगेत उभा राहून आलेला माणूस तर तांबडा-पांढरा पोटात गेल्यावर बसल्या जागी पेंगायला लागतो. कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून टेबलावर ठेवा. मोठ्यानं वाचायचं काम आठवीतल्या मुलाला द्या. त्याच्या हातात काम नसलं की मोबाइल येणार. मोबाइलच हवा असेल तर तोही कामाला लावा: वाचलेल्या तारखेचा एखादा फोटो आहे का ते मुलीनं शोधायचं. महिन्याला तीन ते चार मिनिटं. प्रत्येक महिन्यात एक तरी नोंद अशी निवडायची जिच्यामागं कुणाचं तरी काम आहे, आणि तिच्याभोवती लाल पेननं गोल करून ते नाव लिहायचं. ‘सिलेंडर लावला’ या नोंदीत जिन्यावरून सिलेंडर वर चढवणारा माणूस असतो. ‘टाके काढायचे’ यात रिक्षा दारापर्यंत आणणारा असतो.

हे दोन-तीन ठिकाणी बिघडतं. पहिलं म्हणजे त्याचं कोर्ट होतं. ‘त्या दिवशी तू येणार होतास आणि आला नाहीस’ असं कुणीतरी काढतंच. म्हणून सुरुवातीलाच ठरवून घ्या की आज खाडे मोजायचे नाहीत. दुसरं, सासूबाई जानेवारीतून थेट चाळीस वर्षं मागं जातील. त्यांना तोडू नका, पण महिन्याला एकच आठवण असा नियम सगळ्यांनाच लावा, नाहीतर फेब्रुवारी उजाडायला नऊ वाजतील. तिसरं जरा नाजूक आहे. एखाद्या महिन्यात वाईट घडलेलं असतं, कुणी गेलेलं असतं. ते पान झटकन उलटू नका आणि त्यात बळंच काही चांगलं शोधूही नका. नाव घ्या, दोन मिनिटं बोला, पुढं चला.

आणि एक गोष्ट तुम्हाला स्पष्टच सांगायला हवी. तुमच्या एवढ्या पत्रात तुम्ही काय केलंत याचा एक शब्द नाही. नोकरी करून, बारावीचं वर्ष सांभाळून, ऑपरेशननंतरचे ते आठवडे कुणी काढले? औषधांच्या वेळा कुणी पाळल्या, फिजिओथेरपीचे व्यायाम कुणी करून घेतले? लाल गोलात तुमचं नाव येऊ द्या, आणि ते तुम्ही नको, दुसऱ्या कुणीतरी लिहायचं. मुलीला आधी सांगून ठेवलंत तरी चालेल. तुम्हाला आनंद वाटत नाही यातला मोठा भाग साधा थकवा आहे, असा आमचा अंदाज आहे. थकलेल्या माणसाला कृतज्ञ व्हायला सांगणं म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवणं.

म्हणून पुढचा बेत सुचवताना कामाची वाटणी आधी आणि पदार्थ नंतर सांगतो. सध्या धुंधुरमास चालू आहे. सूर्य धनु राशीत असतो तो हा महिना, साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत. या दिवसांत एकदा तरी पहाटे उठून स्वयंपाक करायचा, उगवत्या सूर्याला नैवेद्य दाखवायचा आणि कोवळ्या उन्हात बसून जेवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पुष्कळ घरांतून ती गेली, कारण पहाटे चारला उठून सगळं एकटी बाईच करायची. कोल्हापुरात या दिवसांत सूर्य उगवतो सातच्या आसपास. काम पाच जणांत वाटलं तर साडेपाचला उठून पुरतं. एखादा रविवार धरा. खर्च म्हणाल तर नेहमीच्या किराण्यातच भागतं.

खिचडी नवऱ्याकडं द्या. कुकरची असल्यानं बिघडायला फारसा वाव नाही. पाच जणांना तांदूळ एक वाटी, मुगाची डाळ एक वाटी. आजरा घनसाळ मिळाला तर उत्तम, त्याचा वास घरभर होतो. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. तांदूळ-डाळ धुवून अर्धा तास निथळत ठेवायची. दोन चमचे तुपावर एक चमचा जिरं, आठ-दहा मिरे, बोटाच्या पेराएवढं किसलेलं आलं, अर्धा चमचा हळद, मग डाळ-तांदूळ परतायचे. खमंग वास आला की थांबायचं. डाळ तांबूस होईपर्यंत परतली तर ती नंतर मऊ होत नाही, दाणा दाणा राहते. मीठ, अर्धी वाटी ओलं खोबरं आणि सात वाट्या गरम पाणी. तांदूळ यंदाचा नवा असेल तर पाणी सहाच वाट्या, कारण नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि गिचका होतो. तीन शिट्ट्या, मग बारीक गॅसवर पाच मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या.

लोणी सासूबाईंकडं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा खाली बसणं नको. खुर्ची, टेबल आणि टेबलावर खोलगट पातेलं. रोज एक लिटर म्हशीचं दूध येत असेल तर आठवडाभराच्या सायीतून मोठी वाटीभर लोणी निघतं. साय पहिल्या दिवशीच चमचाभर दही घालून फ्रीजमध्ये साठवा. नुसती साय सात दिवस राहिली की कडवट होते. आदल्या संध्याकाळी ती बाहेर काढून दोन चमचे दही ढवळून मिसळा आणि पातेलं फडक्यात गुंडाळून गॅसच्या शेगडीशेजारी ठेवा. डिसेंबरच्या थंडीत विरजण लागायला सगळी रात्र जाते. सकाळी रवीनं घुसळायला लागलं की आधी नुसता फेस येतो, आणि इथंच पुष्कळ जण ‘लोणी येईना’ म्हणून हात टेकतात. थंडीत सायीतला स्निग्धांश कडक राहतो, तो एकमेकांना धरत नाही. अशा वेळी अर्धी वाटी कोमट पाणी घालायचं. बोटाला जेमतेम उबदार लागेल इतपतच. जास्त गरम घातलं तर लोणी पाघळून ताकात तवंग होऊन पसरतं आणि मग हाताला लागत नाही. पाच-सात मिनिटांत रवी जड होते, आवाज बदलतो, पाकळ्यांना पांढरे कण चिकटायला लागतात. मग घुसळणं थांबवून गार पाण्याचा हबका द्यायचा, हातानं गोळा करायचा आणि दोन पाण्यांतून धुवायचा. धुतलं नाही तर दुपारपर्यंत आंबूस वास येतो. हे काम सासूबाईंना तुमच्यापेक्षा चांगलं येत असेल. येऊ दे. ऑगस्टपासून त्या घरात सगळ्यांकडून करून घेणाऱ्या झाल्यात, आणि ते त्यांनाही बोचत असणार. त्यांच्या हातचं लोणी पाच जणांच्या ताटात पडू दे.

भरताची वांगी मुलीनं आदल्या रात्री भाजून ठेवायची. तेलाचा हात लावून सुरीनं तीन-चार टोचे मारायचे, नाहीतर वांगं गॅसवर फुटतं. तुमच्या वाट्याला फक्त भाकरी. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांपेक्षा जुनं नको. बाजरीत तेल असतं, त्यानं पीठ कडू होतं, आणि भाकरी कडू लागली की दोष करणारीला दिला जातो. पीठ कडकडीत पाण्यात भिजवून चांगलं मळलं तर कडेला चिरत नाही. पहाटे तेही नको वाटलं तर रात्रीच करून ठेवा. बाजरीची शिळी भाकरी आणि ताजं लोणी हे जेवण मुळीच कमी प्रतीचं नाही. मुलाकडं ताटं, पाणी आणि शेवटी भांडी.

एकच अट आहे. पाचही ताटं एकाच वेळी वाढायची आणि पाचही जणांनी एकाच वेळी बसायचं. ‘गरम गरम वाढते, तुम्ही बसा’ हे त्या दिवशी बंद. भाकऱ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या की पुरेशा ऊन राहतात. तव्यापाशी उभी राहून सगळ्यात शेवटी जेवणारीला त्या उन्हाचं काय सुख? सासूबाईंना जिना जमत असेल तर गच्चीत बसा, नाहीतर घरात ऊन येतं त्या खिडकीपाशी. सोबत नव्या हंगामाचा गूळ घ्या. गुऱ्हाळं चालू आहेत, काकवीही मिळेल. घेताना फार पिवळाधमक, पांढुरका गूळ टाळा. तो रंग बहुतेक वेळा गूळ उजळ करायला घातलेल्या हायड्रॉस पावडरीचा असतो. तांबूस, थोडा मऊ घ्या.

गूळ घ्यायला गेलातच तर एक किलोची एक भेली जादा घ्या, शेजारच्या काकूंसाठी. नुसती देऊन येऊ नका. ऑपरेशनच्या दिवशीचं ते वाक्य त्यांच्यासमोर बोला, जमत नसेल तर अर्ध्या पानावर लिहून द्या. मार्टिन सेलिग्मन यांच्या २००५ सालच्या अभ्यासात, ज्याचे कधी नीट आभार मानले नाहीत अशा माणसाला पत्र लिहून ते स्वतः नेऊन देणाऱ्यांना सगळ्यात जास्त आनंद झाला होता, आणि तो महिनाभर टिकला. आपल्याला वाटतं, समोरचा संकोचेल. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये हेच तपासलं. लिहिणाऱ्यांनी समोरच्याच्या अवघडलेपणाचा अंदाज फुगवून केला होता, आणि त्याला होणाऱ्या आनंदाचा कमी. काकू ‘अगं त्यात काय एवढं’ म्हणतील. म्हणू देत.

घरकामाच्या मावशींना मात्र नुसते शब्द नकोत आणि जुनी साडीही नको. १ जानेवारीची पगारी सुट्टी द्या, आणि ती आठवडाभर आधी सांगा, म्हणजे त्यांना तो दिवस ठरवून वापरता येईल.

गोव्याच्या फोटोंचं काय करायचं? २५ ते २ तारखेपर्यंत त्या नातेवाइकांचे स्टेटस म्यूट करा. व्हॉट्सॲपवर त्यांच्या स्टेटसवर बोट दाबून धरलं की पर्याय येतो, आणि त्यांना कळतही नाही. नंतर परत चालू करा. मत्सर वाटतो म्हणून स्वतःला बोल लावण्यापेक्षा हे बरं. पुढच्या वर्षी कुठं जायचं असेल तर तेही नव्या कॅलेंडरवरच लिहा, जानेवारीपासून दर महिन्याच्या ५ तारखेला किती बाजूला टाकायचे त्या आकड्यासकट.

नवऱ्यांशी बोलायचं राहिलंय. ‘मला आनंद वाटत नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्याला आरोपासारखं लागतं, मग तो वकिली करतो. त्याऐवजी नेमकं मागा: ‘दर रविवारी सकाळी सातपर्यंत मी स्वयंपाकघरात येणार नाही, चहा तुम्ही करा.’ हे त्यांना समजेल, आणि जमेलही.

अजून एक बाब, आणि ती टाळू नका. कृतज्ञतेच्या उपायांवर झालेल्या अनेक अभ्यासांचा २०२१ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. नैराश्य आणि चिंतेवर त्यांचा परिणाम थोडाच दिसला. तेव्हा उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त रोज टिकला असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, तर वही-कॅलेंडर बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. तुमच्या वयात पाळी मागंपुढं होताना मन असं होऊ शकतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ याही तपासण्या करून घ्या. ‘टेलिमानस’ ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. जगणंच नको असा विचार कधी मनात आला तर त्याच क्षणी फोन करा आणि घरात सांगा. बोलायला कारण मोठं असावं लागत नाही, आणि ‘काही कमी नाही’ हे न बोलण्याचं कारण होत नाही.

बाजरी एक किलो पुरेल. शनिवारी गिरणीला सुट्टी नाही ना, ते आधी विचारून ठेवा.